शिस्त : एका छर्ऱ्याच्या पिस्तुलाच्या निमित्ताने

मराठीत शस्त्रांच्या निमित्ताने जितके लिहिले गेले आहे, त्यात प्रत्यक्ष शस्त्राविषयी फारच थोडे आहे, असे आमचे म्हणणे आहे. विधान उफराटे वाटेल. पोवाडे, बखरी, ऐतिहासिक कादंबऱ्या, शाळेच्या भिंतीवरची चित्रे, गडावरचे फलक, सर्वत्र तलवारी आणि तोफा दिसतात. पण तलवार येते ती पराक्रमाची खूण म्हणून, तोफ येते ती दराऱ्याची खूण म्हणून. ती चालते कशी, बिघडते केव्हा, तिची निगा कोणी आणि कोणत्या हत्यारांनी राखली, हे सांगणारा मजकूर वाचकाच्या वाट्याला क्वचितच येतो. आणि आलाच, तर आपण, म्हणजे साहित्याचे विद्यार्थी व अध्यापक, त्याला 'तांत्रिक' असा शिक्का मारून अभ्यासाच्या बाहेर ठेवतो. प्रस्तुत लेखाचा रोख या बाहेर ठेवण्यावर आहे. निमित्त लहान आहे: हवेच्या दाबावर छर्रा फेकणारे एक नवे पिस्तूल, आणि ते 'सुधारण्या'ची खटपट.

प्रथम रायगडचा किनारा पाहू. मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा उभा आहे. शिडाच्या होडीतून तेथे जाणाऱ्या प्रत्येकाला कलालबांगडी तोफ दाखवली जाते. तिचे वजन इतके टन, मारा इतके मैल, धातू पाच. सांगणाऱ्यागणिक आकडे बदलतात, सूर मात्र बदलत नाही. ही तोफ एकदा डागल्यावर पुन्हा भरायला किती वेळ लागत असेल, नळी पुसायला किती माणसे लागत असतील, खाऱ्या वाऱ्यात दारू कोरडी कशी ठेवत असतील, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत. त्यांच्याशेजारी उभे राहून आंग्र्यांच्या आरमाराच्या आठवणीने ऊर भरून येणारे पर्यटक आम्ही अनेकदा पाहिले आहेत. त्या तोफांवर इंग्रजी अक्षरे कोरलेली आहेत, आणि ती यॉर्कशायरमधील लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचे नाव सांगतात. तो कारखाना सुरू झाला १७९१ साली. सरखेल कान्होजी आंग्रे वारले १७२९ साली. म्हणजे ज्या लोखंडाला हात लावून आपण सद्गदित होतो, त्यावरचा मजकूर वाचण्याची तसदीही आपण घेत नाही. वाचन हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी तरी याची खंत बाळगायला हवी.

आपल्या वाक्प्रचारांतही हाच कल दिसतो. बार उडवणे, फुसका बार, बत्ती देणे, तोफ डागणे, भडिमार, प्रश्नांची सरबत्ती ही सारी शब्दसंपत्ती दारूगोळ्यातून आली, आणि तिच्यात उरला आहे तो आवाज, धूर आणि धाक. नेमबाजाच्या हाताचे, डोळ्याचे, श्वासाचे काही तिच्यात नाही. अपवाद एकच, पण तो मोलाचा आहे. 'शिस्त' हा शब्द आपण आज शाळेत, कचेरीत, सैन्यात वापरतो. फारसीतून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ नेम असा आहे. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. नेम धरण्यातली स्थिरता पुढे वागण्यातल्या स्थिरतेला लागू झाली, आणि मूळ अर्थ विसरला गेला. आमच्या मते मराठी गद्याचेही असेच काहीसे झाले आहे. त्याच्याजवळ पूर्वी शिस्त होती, जुन्या अर्थाने.

पुरावा हवा असल्यास रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' काढावे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ आपण पदव्युत्तर वर्गात 'मराठी गद्याचा विकास' या सदरात शिकवतो. त्यातली राजनीती शिकवतो, राजा कसा असावा ते शिकवतो. पण त्याच ग्रंथात दारूखाना घरांपासून दूर असावा, दारू आणि बाण यांना सरदी लागू देऊ नये, दर आठपंधरा दिवसांनी हवालदाराने ते बाहेर काढून ऊन दाखवावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, असा बारकावा आहे. आरमारासाठी लाकूड कोठले घ्यावे, आंबा-फणसाची झाडे का तोडू नयेत, हेही आहे. हा मजकूर शुद्ध देखभालीचा आहे. कोणी, काय, किती दिवसांनी, कोणत्या कारणाने करायचे, एवढेच तो सांगतो. त्यात विशेषण शोधावे लागते. तरीही, किंबहुना त्यामुळेच, ते गद्य आजही ताठ उभे आहे. अमात्यांना कोकणच्या पावसाळ्याची दमट हवा ठाऊक होती. हवेची ती ओल त्यांच्या वाक्यांच्या बांधणीत उतरली आहे.

याउलट 'राज्यव्यवहारकोश' पाहावा. त्यात शस्त्रवर्ग नावाचा एक स्वतंत्र विभाग आहे आणि फारसी नावांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. कार्य थोर होते, त्याचे राजकीय महत्त्वही निर्विवाद आहे. पण नंतरच्या काळात आपण वारसा घेतला तो कोशाचा, आज्ञापत्राचा नव्हे. वस्तूला भारदस्त नाव मिळाले की वस्तू समजली, असे मानण्याची सवय आपल्याला जडली. परिभाषा झाली, ती वापरून कोणी एक पान लिहायचे, हे राहून गेले. कारखान्यात कानस, पाना, दट्ट्या, खटका, वायसर हे शब्द तगले, कारण तेथे काम थांबत नाही. वर्गात ते आलेच नाहीत.

आता पिस्तुलाकडे वळू. आमच्या हाती आलेले पिस्तूल नवे, स्प्रिंगचे आणि साध्या बनावटीचे आहे. ते कोणत्या कंपनीचे, हे येथे गैरलागू आहे. त्याची रचना अशी. नळी बिजागरीवर खाली मोडली की आतली स्प्रिंग दबते आणि दट्ट्या मागे जाऊन खटक्याला अडकतो. नळीच्या मुळाशी छर्रा बसवून नळी मिटायची. चाप ओढला की खटका सुटतो, स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, त्याच्यापुढची हवा क्षणात आकसते आणि छर्ऱ्याला बाहेर लोटते. या साऱ्याला सेकंदाचे काही सहस्रांश लागतात. परंतु छर्रा नळीत असतानाच पिस्तूल हलू लागलेले असते: दट्ट्या पुढे निघताना पिस्तूल मागे रेटले जाते, दट्ट्या शेवटाला आदळताना पुढे खेचले जाते. ज्याला हे दोन धक्के माहीत नाहीत, त्याला आपला नेम का चुकतो ते कधीच कळणार नाही.

नव्या पिस्तुलातून पहिले काही छर्रे सुटताना मोठा आवाज होतो आणि तोंडातून धूर येतो. नवखा माणूस खूश होतो. त्याला वाटते, दमदार आहे. प्रत्यक्षात कारखान्यात लावलेले जादा तेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेट घेत असते. या किनाऱ्यावरच्या मच्छीमार होड्यांची डिझेल इंजिने ज्या तत्त्वावर चालतात, तेच हे तत्त्व. फरक इतकाच की होडीत ते हवे असते आणि पिस्तुलात नको असते, कारण प्रत्येक वेळी जळणारे तेल सारखे नसते आणि म्हणून प्रत्येक छर्ऱ्याचा वेग वेगळा पडतो. उपाय म्हणजे जादा तेल पुसणे, नळीतून कोरडे फडके ओढणे आणि काही शे छर्रे धीर धरणे. पुढे बिजागरीचा सांधा तपासायचा. पातळ कागदाची चिंधी सांध्यावर ठेवून चाप ओढला आणि चिंधी उडाली, तर हवा तेथून गळते आहे; रबरी कडे बदलायला हवे. मग स्क्रू. ते धक्क्यांनी सैल होतात. प्रत्येकाच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून नखपॉलिशची एक बारीक रेघ ओढली, की स्क्रू किंचितही फिरल्यास रेघ तुटलेली दिसते. मग छर्रे. एकाच वजनाचे म्हणून विकले जाणारे छर्रे एकसारखे नसतात. कोणते या नळीला मानवतात, ते पिस्तूल टेकवून पाच-पाच छर्ऱ्यांचे गट मारून पाहायचे आणि वहीत लिहायचे.

सर्वांत शेवटी मूठ. डोळे मिटून पिस्तूल लक्ष्याकडे धरायचे, श्वास सोडायचा, डोळे उघडायचे. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मध्यभागी दिसली, तर मूठ हाताला बसली आहे. न दिसल्यास कानशीने एक केसभर लाकूड उतरवायचे किंवा पुट्टीचा एक पातळ थर चढवायचा, आणि पुन्हा डोळे मिटायचे. हे काम एका दिवसात होत नाही. खटक्याच्या दाताला मात्र हात लावायचा नाही. चाप हलका करण्याच्या मोहाने तो घासला, तर नळी मिटतानाच पिस्तूल सुटण्याचा धोका असतो. आणि एका वेळी एकच बदल करायचा. दोन केले तर फरक कशाने पडला ते कळत नाही, आणि मग वहीचा उपयोग संपतो.

वरचे तीन परिच्छेद वाचताना काही वाचकांच्या कपाळावर आठी पडली असेल, याची आम्हाला कल्पना आहे. 'साहित्यविषयक लेखनात हे कशासाठी?' त्यांना आमचा उलट प्रश्न आहे. दारूला ऊन दाखवावे हे अमात्यांनी लिहिले तर ते गद्याचा विकास, आणि नळी कोरडी करावी हे आज कोणी लिहिले तर ती माहितीपुस्तिका, हा न्याय कोणता? मधली तीनशे वर्षे हेच काय ते साहित्यमूल्य? जुने झाले की कागद आपोआप वाङ्मय होतो, असे जर आपले मत असेल, तर ते उघडपणे मांडावे आणि समीक्षेच्या तासांना रजा द्यावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शस्त्राविषयी इतक्या आपुलकीने लिहिणे म्हणजे हिंसेला सजवणे नव्हे काय? आम्हाला हा आक्षेप मान्य नाही, पण त्याची टवाळीही करावीशी वाटत नाही. हवेचे पिस्तूल खेळणे नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १२० मीटर वेगाने निघाला, तर त्याची ऊर्जा सुमारे साडेतीन ज्यूल भरते. एक डोळा कायमचा घालवायला ती पुरेशी आहे. किनाऱ्यावरच्या गावांत छर्ऱ्याची बंदूक हाती आलेली मुले खाडीवरच्या बगळ्यांवर नेम धरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे नावही त्यांनी ऐकलेले नसते. मुरूडजवळचे फणसाडचे जंगल एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते आणि १९८६ पासून ते अभयारण्य आहे, हे तर त्यांच्या शिक्षकांनाही सांगावेसे वाटत नाही. पण ही मुले घडतात कशावर? देखभालीच्या गद्यावर नव्हे. ती घडतात पोवाड्याच्या सुरावर, पडद्यावरच्या नायकाच्या हातातल्या धुरावर, 'दमदार' या विशेषणावर. शस्त्राची यंत्रणा जितकी झाकली जाते, तितकी त्याची जादू वाढते. मागे काय आहे ते पाहिल्याखेरीज छर्रा सोडू नये, भरलेली नळी कोणाकडे वळवू नये, ही वाक्ये कोणत्याही वीररसात बसत नाहीत. ती फक्त देखभालीच्या गद्यातच बसतात. म्हणून हिंसेची चिंता करणाऱ्यांनी आमच्या बाजूने यायला हवे.

याच मुलांपैकी काही थोडी मोठी झाली की 'सुधारणा' करू लागतात, आणि त्यांच्या शब्दकोशात सुधारणेचा अर्थ एकच असतो: अधिक जोर. जाड तारेची स्प्रिंग मिळवायची आणि घालायची. या सुधारणेचा हिशेब मांडून पाहावा. १२० मीटर वेगाचा छर्रा दहा मीटर अंतर सेकंदाच्या सुमारे ८३ सहस्रांशांत कापतो आणि तेवढ्यात साधारण ३.४ सेंटिमीटर खाली येतो. वेग १५० मीटर केला तर तो साधारण २.२ सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे इतक्या आटापिटीने हाती लागले ते सव्वा सेंटिमीटर, आणि तेवढे काम मागच्या खाचेचा स्क्रू थोडासा फिरवून होते. बदल्यात मिळतो तो दुप्पट आडदांड धक्का, लवकर मोडणारी स्प्रिंग आणि फाकलेले गट. दुसरा हिशेब: माशी आणि खाच यांच्यात तीस सेंटिमीटर अंतर असेल आणि माशी खाचेत केवळ ०.३ मिलिमीटर बाजूला दिसली, तर दहा मीटरवर छर्रा एक सेंटिमीटर बाजूला लागतो. स्पर्धेच्या हवाई पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. तेव्हा नेम जातो तो जोर कमी पडल्याने नव्हे, केसभर दुर्लक्षाने. २०१६ च्या शस्त्र नियमांनी हवाई शस्त्राच्या परवान्याचा प्रश्न २० ज्यूल ऊर्जेच्या आणि ४.५ मिलिमीटर व्यासाच्या मर्यादेशी बांधला आहे, ही गोष्टही जोराच्या उपासकांनी ध्यानात ठेवलेली बरी. खेळाचे नियम तर चाप हलका करण्याच्या हौसेलाही लगाम घालतात: तो किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो, आणि ते वजन लटकवून तपासले जाते.

या खेळाचे वार्तांकनही जोराच्याच भाषेत होते, हे आपले दुर्दैव. रायगड जिल्ह्यातल्या पनवेलशी जिचे नाव जोडले गेले, त्या सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत दहा मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. चाळीस वेळा, दहा मीटरवरून, अर्ध्या मिलिमीटरला स्पर्श. या एका वाक्यात जे आहे, ते 'सुवर्णकन्येचा अचूक निशाणा' छापाच्या शेकडो मथळ्यांत नाही. २०२१ साली टोकियोत मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन फेरीत बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. २०२४ साली पॅरिसमध्ये त्याच प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळवले. आपल्याकडे पहिल्या घटनेचे 'नशीब' झाले आणि दुसरीचे 'जिद्द'. मधल्या काळात यंत्र, हात आणि सराव यांचे काय काय झाले असेल, हे विचारण्याची भाषाच आपण घडवलेली नाही. कथनाला कलाटणी हवी असते, स्क्रू नको असतो.

कोणी म्हणेल, हे दोष मराठी मनाचेच आहेत, आपली परंपराच पराक्रमाची. आम्हाला हे मान्य नाही, आणि आमचा पुरावा याच किनाऱ्यावर आहे. मुंबईत कुलाबा येथील वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार, असे दिसू लागले. त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय सुया विचलित होणार, हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. १९०४ साली तेथे नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्या बांधकामात लोखंड टाळले गेले, कारण एक खिळाही सुईला खोटे बोलायला लावू शकतो. जुने काम एकदम बंद केले नाही. सुमारे दोन वर्षे मुंबईत आणि अलिबागला एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे एका जागेचे आकडे दुसऱ्या जागेच्या आकड्यांशी जुळवता यावेत. आज जो रायगड जिल्हा, तो १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हाच होता. तेव्हा ही वेधशाळा कुलाब्याहून कुलाब्याला आली, असेही म्हणता येईल. कुलाबा किल्ल्यातल्या तोफा पाहायला जाणारे हजारो लोक अलिबागच्या रस्त्यांवरून जातात. त्याच गावात लोखंडावाचून बांधलेले एक घर आहे, हे त्यांतल्या किती जणांना कोणी सांगितले? तोफेवर कादंबऱ्या आहेत. या घरावर मराठीत एखादी ललित कृती असल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आणि तरी आमच्या मते 'सुधारणा' या शब्दाचा सर्वांत स्वच्छ नमुना हेच घर आहे. आधी मोजा, मग बदला, बदलताना जुने माप हातचे सोडू नका, अडथळा कमी करा, जोर वाढवू नका. आपल्या वाङ्मयेतिहासात हा शब्द मोठ्या इतमामाने आला. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली आपल्या पत्राला 'सुधारक' हे नाव दिले, आणि शब्दाला कायमचा नैतिक ताप चढला. त्या तापाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. त्यावाचून आपण येथे लिहीत-वाचत नसतो. पण शब्द सभेत गेला तो कारखान्यात परतलाच नाही. कारखान्यातल्या माणसाच्या कामाला आपण 'खुडबूड' म्हणतो, 'खटपट' म्हणतो, फार कौतुक वाटले तर हिंदीतून 'जुगाड' उसना आणतो. जुगाडाच्या कौतुकाला तर आमचा स्पष्ट विरोध आहे. जुगाड म्हणजे आज भागले. उद्याची नोंद त्यात नसते, दुसऱ्या माणसाला ते काम तसेच करता येईल याची हमी नसते. तारेने बांधलेल्या मुठीने एक छर्रा दहावर लागेलही. साठ छर्रे लागणार नाहीत, आणि स्पर्धा साठ छर्ऱ्यांची असते.

मराठी साहित्यव्यवहार आणि कारखाना यांचे वैर जन्मजात आहे, असेही कोणी समजू नये. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. शं. वा. किर्लोस्करांच्या हाताखाली त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांनी आपली कथा, आपले लेख, आपले वाद त्यात वाचले. म्हणजे नांगर आणि पंप करणाऱ्या भट्टीच्या शेजारी एका वाङ्मयीन मासिकाचा पाळणा हलला. आपण तो इतिहास शिकवताना मासिक शिकवतो आणि भट्टी वगळतो. मग विद्यार्थ्याला वाटते, वाङ्मय हे दिवाणखान्यातच जन्मते.

या सगळ्यातून आमची मागणी काय, असे विचारले जाईल. ती माफक आहे आणि उद्यापासून अमलात आणता येण्याजोगी आहे. पदवीच्या मराठीच्या वर्गात, निबंध आणि रसग्रहण यांच्या जोडीने, एक प्रश्न असा असावा: आपल्याला येत असलेले एखादे दुरुस्तीचे किंवा देखभालीचे काम पाचशे शब्दांत अशा रीतीने लिहा, की ते कधीही न केलेल्या माणसाला वाचून करता यावे. रेवदंड्याच्या विद्यार्थ्याने जाळे विणण्यावर लिहावे, मुरूडच्या विद्यार्थिनीने होडीच्या इंजिनावर किंवा सुपारीच्या वाडीच्या पाटावर लिहावे, पनवेलच्या एखाद्याने रेंजवरच्या पिस्तुलावर लिहावे. उत्तरपत्रिका तपासण्याची कसोटीही सोपी आहे: एकाने लिहिलेले दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि काम करून पाहायला सांगावे. जेथे हात अडेल, तेथे वाक्य चुकले आहे. कोणत्या समीक्षापद्धतीला इतकी निःपक्षपाती कसोटी लाभली आहे?

हे केल्याने मराठीत मोठे साहित्य निर्माण होईल, असा आमचा दावा नाही. मात्र अशी पाचशे शब्दांची पाने पाच-सहा लिहून झालेला विद्यार्थी पुढे कविता वाचू लागला, तर 'हृदयस्पर्शी' आणि 'वास्तवदर्शी' एवढ्यावर त्याचे समाधान होणार नाही. कोणता शब्द कोठे सैल झाला आहे, ते तो बोटाने दाखवील. आणि तो जंजिऱ्याला गेला, तर कलालबांगडीपुढे उभा राहून निदान एवढे विचारील की ही भरायला वेळ किती लागत असे. ज्यांना हा प्रश्न अरसिकपणाचा वाटतो, त्यांनी आपला प्रतिवाद अवश्य मांडावा. आमची अट एकच: तो मांडताना विशेषणे जपून वापरावीत.